अल खर्जच्या लसूणघासातले ससे

रियाध, ८ नोव्हेंबर २०२४

सहर,

अस्सलामु अलैकुम. ईमेलच लिहितेय, कारण माझा फोन घरी अम्मीच्या हाताशी असतो आणि व्हॉट्सअॅप वाजलं की माझ्याआधी ती वाचते. ईमेल म्हणजे फार्मसीचं काम, असं मी तिला पटवून ठेवलंय.

बातमी अशी की अब्बा वेडे झालेत. अल खर्जला त्यांचे दोस्त अबू उसामा यांचं शेत आहे. खजुराची झाडं, आणि गाईगुरांसाठी लावलेला लसूणघास, नजर पोचेल तिथपर्यंत हिरवागार. अबू उसामांनी हौसेने ससे पाळले होते. वादळात पिंजरे मोडले, ससे घासात पळाले, आणि पुढे सशांनी काय केलं ते तू जीवशास्त्राची बाई आहेस, तुला सांगायला नको. आता शेतात घास कमी आणि ससे जास्त. अबू उसामांनी डोक्याला हात लावून अब्बांना सांगितलं, "यल्ला या शौकत, माझी छोटी रायफल घे आणि खा किती खायचे ते." रायफल छऱ्याची आहे, पण अब्बा ती खांद्यावर अशी घेतात की जणू वाघावर निघालेत. बाहेर वाळवंटातल्या रानसशाला हात लावायचा नाही, तो कायदा. हे घरचे पळपुटे चालतात.

इथपर्यंत ठीक होतं. पण आता माझ्यासाठी जो मुलगा बघायला येतो त्याला अब्बा चहाआधी शिकारीला नेतात! नुसत्या छऱ्याने मेलेला ससा हलाल होत नाही, म्हणून अब्बांनी गोळी झाडली की मुलाने सुरी घेऊन धावायचं आणि ससा जिवंत असतानाच बिस्मिल्ला म्हणून कापायचा. जुबैलचा रोशन पांढरेशुभ्र बूट घालून आला होता. पाण्याच्या पाटात गुडघाभर रुतला, बूट तिथेच राहिले, तो मोज्यांवर घरी गेला. त्याच्यानंतरच्याने सशाबरोबर सेल्फी काढायचा प्रयत्न केला. ससा थांबला नाही. दोघेही नापास.

आता तिसरा येतोय. मुआज. जेद्दाला अल अझीझियात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो म्हणे. मूळचा तुमच्याच मोहल्ल्यातला ना? कसा आहे? म्हणजे मला काही पडलेलं नाही, सहज विचारतेय.

तुझी आलिमा


श्रीवर्धन, १२ नोव्हेंबर

आलिमे,

व अलैकुम अस्सलाम. तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये वाचलं आणि इतकी हसले की हेडबाईंनी पाणी पाठवलं.

मुआज! अगं, तोच तो मुआज! बकरी ईदला त्याच्या अब्बांनी त्याला सांगितलं, तू फक्त परात धर. याने परात धरली, बकऱ्याकडे बघितलं, आणि बकऱ्याच्या आधी हाच आडवा. परात घरंगळत मशिदीच्या पायरीपर्यंत गेली. सगळे कांदा हुंगवायला याच्याभोवती जमले आणि बकरा सुटून समुद्राकडे पळाला. दुपारपर्यंत अख्खा मोहल्ला सुरूच्या बनात बकरा शोधत होता. मुलगा वाईट नाही हो. हुशार, हसरा, आईच्या हातातली पिशवी स्वतः उचलणारा. पण त्याच्या हातात सुरी? या अल्ला!

"मला काही पडलेलं नाही" हे तू ज्या थाटात लिहिलंयस त्यावरून मी काय ते ओळखलं. तुला हा नकोय आणि अम्मीला सांगायची हिंमत नाही. काळजी करू नकोस, मी कशाला आहे? शौकतमामूंना मीच दोन ओळी लिहून टाकते की मुलाला रक्त बघवत नाही. शिकारीआधीच खलास.

तुझी हुशार सहर


रियाध, १३ नोव्हेंबर

सहर, थांब!

लिहू नकोस! लिहिलंस का? लिहिलं नसशील तर कीबोर्डवरून हात उचल.

ऐक. मागच्या रमजानात आम्ही मक्केला उमऱ्यासाठी गेलो तेव्हा वाटेत जेद्दात माझा चष्मा मोडला. अब्बा आणि अम्मी हॉटेलात झोपले होते. मी एकटी समोरच्या दुकानात गेले. तिथे हा. काडी बसवता बसवता म्हणाला, "तुम्ही श्रीवर्धनच्या का? 'मोडला' म्हणताना ल लांबवलात." इफ्तारची वेळ झाली, त्याने दोन खजूर माझ्यापुढे ठेवले, दोन स्वतः घेतले, आणि काडीचे पैसे घ्यायला विसरला. मी ते द्यायला परत गेले. मग सुटे परत द्यायला त्याने माझ्या फार्मसीचा फोन नंबर घेतला. असं ते चालू आहे. अम्मीला वाटतं हे स्थळ थोरल्या फुफूने सुचवलं. फुफूला वाटतं अम्मीने शोधलं. मुआजच्या आईला काय वाटतं ते मुआजलाच ठाऊक.

म्हणजे मला पडलेलं आहे, सहर. फार पडलेलं आहे.

लगेच उत्तर दे.

आलिमा


श्रीवर्धन, १४ नोव्हेंबर

आलिमे, माझ्या लाडके, माझ्या सोन्या,

टाकलं गं.

मला काय माहीत? तूच म्हणालीस पडलेलं नाही! मी कान धरून उभी आहे. अम्मीने विचारलं, "कान का धरलायस?" म्हटलं, "दुखतोय." तिने त्यात गरम तेल घातलं. ही शिक्षा पुरे समज.

पण मामूंचं उत्तर वाच. मला तर काही कळलं नाही. लिहितात, "सहर बेटी, रक्त बघून पडतो तर पडू दे, उचलणारे आहेत. हे सांग, त्याची नजर कशी आहे? लांबचं स्वच्छ दिसतं का त्याला?" मी कळवलं की नजर घारीसारखी आहे, समुद्रातली होडी कोणाची ते किनाऱ्यावरून सांगायचा. त्यावर मामू: "बस. पुढच्या शुक्रवारी येऊ दे."

वेडेच झालेत. तू म्हणतेस तसे.

सहर


रियाध, २३ नोव्हेंबर

सहर,

बस. पाणी घेऊन बस.

काल जुम्म्याच्या नमाजानंतर आम्ही अल खर्जला निघालो. अब्बा गाडी चालवत होते, अम्मी शेजारी, मागे मी, आणि सकाळच्या विमानाने आलेला मुआज. अम्मी नेहमीसारखी बोलत होती: "सिग्नल लाल आहे. आता हिरवा. ट्रक येतोय, थांबा." मला इतके महिने वाटत होतं ही अम्मीची सवय आहे. मुआज मात्र आरशातून अब्बांकडे बघत होता.

शेतावर अबू उसामांनी कहवा दिला. मग अब्बांनी रायफल उचलली, मुआजच्या हातात सुरी दिली, आणि दोघे घासात शिरले. अम्मी चटईवर कांदे सोलायला बसली. मी "खजूर वेचते" म्हणून झाडांआडून त्यांच्या मागे. झाडांवर खजूर नव्हते, पण अम्मीचं लक्ष नव्हतं.

अब्बांनी नेम धरला. फट्! "पडला! धाव!" मुआज बिस्मिल्ला म्हणत धावला. बांधाजवळ थबकला. तिथे पांढरी प्लास्टिकची पिशवी होती, सहर. छऱ्याने तिला भोक पडलं होतं. मुआजने पिशवी उचलली, घडी केली, खिशात घातली आणि ओरडला, "थोडक्यात हुकला, चाचा! फार चपळ होता!"

मी तोंडात ओढणी कोंबली.

अब्बा पुढे निघाले. पाटाच्या पलीकडे पुन्हा काहीतरी पांढरं. अब्बा कुजबुजले, "केवढा मोठा आहे बघ. बसलाय." नेम धरला. मी झाडाआडून नीट बघितलं. पांढरा झगा घातलेले अबू उसामा उकिडवे बसून पाण्याचा पंप दुरुस्त करत होते!  मी तोंडातली ओढणी काढेपर्यंत मुआजने हात पुढे करून रायफलची नळी अलगद आभाळाकडे वळवली आणि इतकंच म्हणाला, "चाचा, ते मालक आहेत."

अब्बांनी रायफल खाली ठेवली. बांधावर बसले. मी त्यांना असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"गाडीत थोडं. पिशवीवर पुरतं."

"घरी बोलू नकोस. सुलैला कंपनीच्या ट्रकयार्डात कळलं तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवतील. तीस वर्षं मी ट्रेलर लावतोय तिथे. दिसत नसेल तर मी कोण?"

"बोलणार नाही, चाचा."

"मग आता तू झाड गोळी. तुझी नजर घारीसारखी आहे म्हणे."

मुआजने मान खाली घातली. "चाचा, मला रक्त... मी झाडली तर सशाच्या आधी मी पडेन."

 अब्बांना हसू फुटलं. "वा! मला दिसत नाही आणि तुला बघवत नाही! सशांनी आपल्याला दुवा दिली पाहिजे!" दोघे एकमेकांचे खांदे धरून हसायला लागले.

मग मात्र मला राहवलं नाही. मी झाडाआडून बाहेर आले. म्हटलं, "मला दिसतंही आणि बघवतंही. आणा ती रायफल."

अब्बांनी ना केली नाही. मागे उभं राहून खांद्याला दस्ता कसा टेकवायचा, श्वास कधी धरायचा ते सांगितलं. पहिली गोळी खजुराला. दुसरी कुठे गेली ते अल्लाला माहीत. तिसरीला ससा उडाला आणि पडला. आणि मग जी धावपळ झाली! सुरी अब्बांकडे, कारण मुआज कापणार नाही. डोळे मुआजकडे, कारण अब्बांना दिसणार नाही. मुआजने अब्बांचा दंड धरला आणि दोघे सुटले. "उजवीकडे, चाचा! पाट आहे, उडी!" ससा दिसला तसे मुआजने डोळे गच्च मिटले आणि दोघे सशाला ओलांडून सरळ पुढे गेले. मी मागून ओरडतेय, "मागे! मागे!" शेवटी अब्बांनी गुडघ्यांवर बसून चाचपून ससा धरला, बिस्मिल्ला अल्लाहु अकबर म्हणून सुरी फिरवली. हात मात्र त्यांचा अजून तसाच आहे, एका झटक्यात काम. असे तीन मिळाले.

सोललेला ससा बघून अम्मी म्हणाली, "हे मांजर आहे." अबू उसामांनी शपथ घेतली. मग ती म्हणाली, "शिजवते, पण कोणी ससा म्हणायचं नाही. कोंबडी म्हणायचं." मीठ आणि सिरका लावून धुतलं, आलं-लसूण चोळलं, खोबरं आणि कांदा चुलीच्या जाळावर काळपट भाजला, धणे, मिरी, लाल मिरच्या घालून वाटप केलं. सशाला चरबी नसते, मटण कोरडं पडतं, म्हणून शेवटी नारळाचं दाट दूध. अबू उसामांनी खपशाचा, म्हणजे इथला मसाल्याचा, भात आणला. मुआजने सालन चार वेळा घेतलं आणि दर वेळी म्हणाला, "चाची, अशी कोंबडी मी खाल्ली नाही." अम्मी विरघळली. मी तर भाताबरोबर हवाच खात होते, इतकी खूश.

आणि घरी आल्यावर अब्बा म्हणाले, "मुलगा नापास."

का ते सांगितलं नाही. पण कारण मला माहीत आहे, सहर. त्याने त्यांना पकडलंय. उद्या तो जावई झाला तर रोज समोर असेल. आणि मी हे अम्मीला सांगू शकत नाही, कारण मग यार्डाची गोष्टही बाहेर येईल. मी फार्मसिस्ट, रोज लोकांना डोळ्यांचे थेंब देते, आणि माझ्याच घरात मला कळलं नाही.

काय करू?

आलिमा


श्रीवर्धन, २६ नोव्हेंबर

आलिमे,

तुझं पत्र वाचताना मी हसत हसत वर चढले आणि शेवटच्या ओळीवरून खाली पडले.

मामूंवर रागवू नकोस. ज्या माणसाला गावभर 'शिकारी शौकत' म्हणतात त्याने मालकावर नेम धरावा आणि होणाऱ्या जावयाने नळी वर करावी, हे पचायला वेळ लागतो.

पण मोतीबिंदूच असेल ना? मग त्यात एवढं काय आहे? माझ्या अम्मीचं झालं की ऑपरेशन. तिला तुझं नाव न सांगता विचारलं. ती म्हणते, "ज्या कोणाला भीती वाटत असेल त्याला सांग, अमिरुन्निसाने सकाळी डोळा दिला आणि दुपारी पापलेट साफ केलं." मग एवढंच म्हणाली की आता तिला शेजाऱ्यांच्या घरातली जळमटं दिसतात आणि तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं बंद आहे. म्हणजे तोटेही आहेत.

मी मामूंना हेच लिहिलं. तुझं नाव नाही, मुआजचं नाव नाही, नुसतं अम्मीच्या डोळ्याचं कौतुक. या वेळी टाकण्याआधी तीनदा वाचलं. शपथ.

मुआजला सांग, धीर धर. आणि तूही.

सहर


जेद्दा, २० डिसेंबर

चि. सहर बेटीस शौकतमामूकडून अनेक दुवा.

मोठी अक्षरं करून लिहितोय. उजव्या डोळ्याने स्वतः लिहितोय! डाव्याचं नंतर.

तुझ्या अम्मीच्या डोळ्याची कहाणी वाचली. माझी बहीण लहानपणी अंधारात विहिरीवर जायला घाबरायची. ती डोळा देऊन पापलेट साफ करते आणि मी घाबरतोय, हे मला लागलं. घरी सांगितलं की कंपनीच्या लोकांबरोबर उमऱ्याला जातोय. उमरा केला, खोटं नाही. मग अल अझीझियात चष्म्याच्या दुकानात जाऊन इतर गिऱ्हाइकांबरोबर रांगेत बसलो. मुआजने माझं नाव पुकारलं, जसं कोणाचंही पुकारतो तसं. तपासलं. म्हणाला, "चाचा, मोतीबिंदू पिकलाय. काढायला हवा. मी येतो सोबत." रजा काढून आला. ऑपरेशनच्या वेळी दाराबाहेर उभा होता. नर्स रक्त तपासायला सुई घेऊन आली तेव्हा खुर्चीला धरून उभा होता, पण होता.

मी त्याला विचारलं, "मी तुला नापास केलं. तू माझ्या बायकोला सगळं सांगितलं असतंस तर तिने तुला तिथल्या तिथे पास केलं असतं. का नाही सांगितलंस?" तर म्हणतो, "चाचा, गिऱ्हाइकाचा नंबर आम्ही बाहेर सांगत नाही."

बेटी, खरं सांगू? मी मुलांना शिकारीला परीक्षेसाठी नेत नव्हतो. मला ससा दाखवणारं कोणीतरी हवं होतं. ज्यांना मी हाकललं त्यांनी मला एकही ससा दाखवला नाही. याने मला मालक दाखवला. अशा मुलाला नाही म्हणायला माणूस दोन्ही डोळ्यांनी आंधळा हवा, आणि माझा एक आता चांगला आहे.

आलिमाला यातलं काही कळवू नकोस. अल खर्जला मी स्वतः सांगणार. यार्डातही सांगितलं. मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, म्हणाला, "शौकत, तू सहा महिने ट्रेलर तिरके लावत होतास, आम्हाला वाटलं तू चिडलायस."

तुझा मामू


श्रीवर्धन, २१ डिसेंबर

आलिमे,

कशी आहेस? मी बरी. इथे थंडी आहे. आंब्याला मोहोर धरलाय. शाळेत प्रात्यक्षिकं चालू आहेत.

मला काहीही माहीत नाही आणि मी काहीही लिहिणार नाही. पुढच्या वेळी अल खर्जला जाशील तेव्हा तो हिरवा कुर्ता घाल, जो तुला शोभतो. का ते विचारू नकोस. माझं पोट फुगलंय, उशीत तोंड खुपसून ओरडावं लागतंय. बस, इतकंच.

सहर


रियाध, ४ जानेवारी २०२५

सहर! दुष्ट! फितूर! माझी जान!

तुझं ते आंब्याच्या मोहोराचं पत्र वाचून मला वाटलं तू आजारी आहेस. पण हिरवा कुर्ता घातला.

अब्बा उमऱ्याहून काळा चष्मा लावून आले होते. अम्मीला म्हणाले ऊन लागलं. काल अल खर्जला निघालो तेव्हा अम्मी म्हणाली, "सिग्नल लाल आहे." अब्बा म्हणाले, "दिसतोय. आणि पलीकडच्या पोलिसाच्या शर्टाचं बटण तुटलंय, तेही दिसतंय." अम्मी पुढचा सिग्नल सांगायची विसरली. आयुष्यात पहिल्यांदा.

शेतावर पोचलो तर चटईवर मुआज आणि त्याची अम्मी. ती श्रीवर्धनहून मुलाकडे आलेली. मी गाडीतून उतरलेच नाही. अब्बांनी दार उघडून म्हटलं, "उतर. तुझा मुलगा पास झालाय." तुझा मुलगा! मी रडले, हसले, आणि उतरताना ओढणी दारात अडकली.

मग अब्बांनी सगळ्यांसमोर सगळं सांगितलं: डोळा, पिशवी, पंप, ऑपरेशन. अबू उसामांना आपण ससा झालो होतो हे तेव्हा कळलं. ते इतके हसले की कहवा नाकातून आला. म्हणाले, "शौकत, मी जाड झालोय हे तुला असं सांगायचं होतं?" अम्मीने आधी अब्बांना खूप सुनावलं, मग मुआजच्या अम्मीच्या गळ्यात पडून रडली, मग त्यांना विचारलं, "तुमच्याकडे कोंबडी कशी करतात?"

आता गंमत. अब्बा उठले, रायफल घेतली. "आता बघा शिकारी शौकत!" चष्मा काढला. ससा अगदी समोर, कान हलवत. फट्! हुकला. दुसरा. हुकला. तिसऱ्या वेळी ससा पळालासुद्धा नाही, घास खात राहिला. अब्बा रायफलची नळी तपासायला लागले. तेव्हा अम्मी कांदा चिरता चिरता म्हणाली, "रायफलला बोल लावू नका. श्रीवर्धनला दहा वर्षं जंगलात जायचे, एक पाखरू कधी घरी आलं नाही. गावाने शिकारी नाव ठेवलं ते टिंगलीने." अब्बांना हे माहीतच नव्हतं, सहर! तीस वर्षं ते नाव मिरवतायत! क्षणभर त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी रायफल माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "घे. घराण्यात एक तरी हवा."

दोन मिळाले. मुआजने आधी अब्बांना दिशा दिली, मग ते कापत असताना पाठ फिरवून उभा राहिला. डोळे मिटलेले नव्हते, हे नमूद कर. अम्मीने या वेळी मटण आधी निखाऱ्यावर भाजलं आणि मग सालनात घातलं. मुआजच्या अम्मीने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. नारळाच्या दुधाचा वास लसूणघासावर पसरला तेव्हा ऊन कलत होतं. निकाह ईदनंतर, तिकडे गावाला. तू सुट्टी टाक.

आता शेवटचं ऐक, आणि हे तुझ्या अम्मीला सांगू नकोस. जेवताना अब्बांनी माझ्याकडे नीट बघितलं. बराच वेळ. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलणार. म्हणाले, "अरे, हिच्या हनुवटीजवळ तीळ आहे! हा कधी आला?"

मी तोंड उघडायच्या आत मुआज भाकरी मोडत म्हणाला, "नवा नाही, चाचा. मागच्या रमजानातही होता."

अम्मीचा घास हातातच राहिला. "रमजानात? तू तर हिला नोव्हेंबरात पहिल्यांदा बघितलंस ना रे?"

सगळे मुआजकडे. मुआज माझ्याकडे. मी सालनाकडे. आणि मग, सहर, ज्या माणसाने दोन ससे कापले जाताना दम धरला, तो तिथेच चटईवर हळूच आडवा झाला.

कांदा मीच हुंगवला.

तुझी,
आलिमा